गाडी सेकंडहॅण्ड असते, खर्च नसतो



मागचे दोन लेख चातुर्मासातल्या स्वयंपाकावर होते. आज गाडीवर लिहितेय. हसू नका. गेला महिनाभर आमच्या घरात दुसरा विषय नाही, आणि श्राविका मंडळात दबक्या आवाजात विचारलं तेव्हा कळलं की आणखी चार घरांत हेच चाललंय. कुणाचा मुलगा पुण्यात, कुणाचा बेंगळुरूत, पगार चांगला, आणि डोक्यात एकच: एखादी जुनी पण दमदार इंजिनाची गाडी घ्यायची आणि वर्षातून दोन-तीनदा रेसच्या ट्रॅकवर नेऊन पळवायची. 'ट्रॅक डे' म्हणतात त्याला. शर्यत नसते. फी भरायची, हेल्मेट घालायचं, वीस-वीस मिनिटांच्या फेऱ्या मारायच्या आणि घरी यायचं.

आमच्या चिरंजिवांनी एका जर्मन बनावटीच्या सेडानची जाहिरात पाठवली. सहा वर्षं जुनी, दोन लिटरचं टर्बो इंजिन, किंमत सोळा लाख. "आई, नवी घेतली असती तर तीस लाख पडले असते. निम्म्यात मिळतेय." बारा लाख त्याच्याकडे होते, चार कमी पडत होते. "तुझ्या एफडीतून दे, वर्षभरात परत करतो." आणि फोन ठेवता ठेवता म्हणाला, "हिला आत्ताच सांगू नकोस."

मी हो म्हणाले. लपवत नाही, हो म्हणाले. २०११ साली त्याच्या मोटारसायकलसाठी अशीच एक एफडी मोडली होती आणि आमच्या ह्यांनाही आठ दिवसांनी सांगितलं होतं. आईचा हात असाच चालतो. पण या वेळी रात्री झोप लागली नाही. सकाळी सामायिकाला बसले तरी मनात ते शेवटचं वाक्य फिरत राहिलं. उठले, जुनी वही काढली. लग्नाआधी बी.कॉम. केलं होतं, त्याचा उपयोग आजवर किराणा, भिशी आणि मंदिराच्या जमाखर्चापुरताच झाला. म्हटलं, आज गाडीचा ताळेबंद मांडू.

हा लेख त्या ताळेबंदावर आहे. आणि माझं भांडण दोघांशी आहे. 'जुनी म्हणजे स्वस्त' म्हणणाऱ्या मुलांशी, आणि मुलांना गुपचूप पैसे देणाऱ्या आपल्याशी.

सोळा लाख हा खर्च नाही, ती खर्चाची सुरुवात आहे

आपण साडी घेतो तेव्हा किंमत हाच खर्च असतो. गाडीचं तसं नसतं, आणि दमदार गाडीचं तर मुळीच नसतं. मुलांची चूक एकच होते. गाडीची किंमत निम्मी झाली म्हणून तिचे सुटे भागही निम्म्या किमतीत मिळतील असं ती धरून चालतात. मिळत नाहीत. तीस लाखांच्या गाडीचा ब्रेक तीस लाखांच्या गाडीच्याच भावाने मिळतो, मग ती गाडी तुम्ही सोळा लाखांना घ्या नाहीतर सहा लाखांना. पहिला मालक घसारा भरतो, दुसरा मालक दुरुस्ती भरतो. पहिल्याला निदान नव्या गाडीचा वास आणि वॉरंटी मिळाली. दुसऱ्याच्या वाट्याला ती संपल्यानंतरची वर्षं येतात.

मुलाला मी पहिला प्रश्न विचारला, तो तुम्हीही विचारा: ज्याने विकायला काढली, त्याने का काढली? मन भरलं असेल, परदेशी जात असेल, असूही शकतं. पण गिअरबॉक्सने कुरकुर सुरू केल्यावर विकणारेही असतात. आणि अशी गाडी संथ चालवायला कुणी घेतलेली नसते. कदाचित आधीच्या मालकानेही ती ट्रॅकवर नेली असेल, इंजिनाच्या संगणकात फेरफार करून ताकद वाढवली असेल आणि विकताना पुन्हा मूळचं करून ठेवलं असेल. बाहेरून चकचकीत पॉलिश. आत काय झिजलंय ते खोलल्याशिवाय दिसत नाही. म्हणून घ्यायचीच असेल तर स्वतःच्या माहितीतल्या मेकॅनिककडून खोलून तपासून घ्यावी, सर्व्हिसची सगळी बिलं मागावीत, कर्जाचा बोजा उतरल्याचं कागदावर बघावं. परराज्यातली गाडी असेल तर तिकडची एनओसी हवी, आणि बारा महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवायची तर इथली नोंदणी आणि इथला रोड टॅक्सही आला. जाहिरातीतल्या सोळा लाखांत हे काहीच धरलेलं नसतं.

ट्रॅकवर नेमकं काय झिजतं

हे मला माहीत नव्हतं. मुलानेच मोठ्या हौसेने समजावून सांगितलं, आणि त्याच माहितीवर मी त्याला पकडलं.

वेग दुप्पट झाला की गाडीतली ऊर्जा चौपट होते. म्हणजे ताशी ८० वरून थांबताना ब्रेकमध्ये जेवढी उष्णता तयार होते, त्याच्या चौपट ताशी १६० वरून थांबताना होते. रस्त्यावर आपण असा ब्रेक वर्षातून एकदा मारतो, समोर म्हैस आली तर. ट्रॅकवर प्रत्येक वळणाआधी मारतात. ब्रेकमधलं तेल हवेतला ओलावा शोषतं. डॉट-४ प्रकारचं तेल ताजं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओलावा धरलेल्या तेलाची हमी १५५ अंशांपर्यंत उतरते. तेल उकळलं की पाइपात वाफ होते आणि पाय दाबला तरी पेडल पोकळ जातं. म्हणून ट्रॅकला जाण्याआधी तेल बदलायचं, पॅड बघायचे, डिस्क बघायच्या. टायर तर पेन्सिलीचं टोक झिजावं तसे झिजतात. पेट्रोल लिटरला तीन किलोमीटर. हो, तीन.

हे सगळं गाडी न बिघडता. बिघडली तर वेगळं.

आता विमा. मैत्रिणींनो, हा भाग दोनदा वाचा. खासगी गाडीच्या पॉलिसीत 'वापराची मर्यादा' म्हणून एक परिच्छेद असतो. त्यात संघटित शर्यत, वेगाची चाचणी असे वापर स्पष्ट शब्दांत वगळलेले असतात. मुलं म्हणतात, ट्रॅक डे ही शर्यत नव्हेच. तुम्ही म्हणाल हो, पण चेक लिहिणारी विमा कंपनी असते. ओळखीतल्या एका मुलाची गाडी ट्रॅकच्या कडेच्या टायरच्या भिंतीवर गेली. देवाच्या कृपेने त्याला खरचटलंही नाही. पण बंपर, रेडिएटर, एक चाक, आणि गाडी ट्रकवर घालून परत आणणं, असे साडेतीन लाख त्याने स्वतःच्या खिशातून भरले. खरं म्हणजे त्याच्या आईने भरले. घरात अजून तिघांनाच माहीत आहे, म्हणून नाव लिहीत नाही.

माझी वही

आपल्याकडे दमदार गाड्या चालवायचा ट्रॅक म्हटलं की मुलं तीन नावं घेतात. चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूरच्या बाजूला इरुंगट्टुकोट्टईचा, कोइंबतूरचा करी, आणि दिल्लीजवळ ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट, जिथे २०११ ते २०१३ अशी तीन वर्षं फॉर्म्युला वन झाली. आमचा मुलगा पुण्यात राहतो. त्याचा बेत चेन्नईचा होता, वर्षातून दोनदा. एका बाजूने सुमारे अकराशे किलोमीटर. रोजच्या कामाला छोटी गाडी घरात आहेच, म्हणून ही सेडान फक्त या हौशीच्या खात्यावर. पेट्रोल १०५ रुपये धरलं. बाकी आकडे त्यानेच गॅरेजमधून आणि मित्रांकडून विचारून दिले. माझं काम फक्त बेरजेचं.

सोळा लाखांवरचं सोडलेलं व्याज, ७ टक्क्यांनी: १,१२,०००
घसारा (तीन वर्षांनी साडेअकरा लाखांना विकली असं धरून): १,५०,०००
विमा: ४५,०००
नेमाची सर्व्हिस: ७०,०००
मोठ्या दुरुस्तीची तरतूद: ६०,०००
ट्रॅकसाठी टायर, ब्रेक, तेलं: ८८,०००
जाण्यायेण्याचं पेट्रोल (४,४०० किलोमीटर): ४६,०००
ट्रॅकवरचं पेट्रोल: १०,०००
फी, टोल, मुक्काम, जेवण: ५४,०००

एकूण ६,३५,००० रुपये. वर्षाला.

दिवसाला वीस मिनिटांच्या चार फेऱ्या, म्हणजे ८० मिनिटं. दोन दिवसांची १६०. भागाकार करा. एका मिनिटाला जवळपास चार हजार रुपये.

मुलगा म्हणाला, "आई, व्याज आणि घसारा काय धरतेस, ते काही खिशातून जात नाहीत." आमच्या कॉलेजातले सर हे वाक्य ऐकून पुस्तक मिटून बाहेर गेले असते. घसारा खिशातूनच जातो, फक्त विकण्याच्या दिवशी एकदम जातो. तरी म्हटलं, बरं, दोन्ही सोड. उरले ३,७३,०००. मिनिटाला तेवीसशे. आता बोल.

मोठ्या दुरुस्तीच्या तरतुदीवरूनही वाद झाला. "गिअरबॉक्स जाईलच असं कुठे आहे?" नाही जाणार कदाचित. पण ड्युअल क्लचचा गिअरबॉक्स दुरुस्तीला निघाला तर बिल लाखांत येतं, हे त्यानेच सांगितलं होतं. तीन वर्षांत एकदा दोन लाखांच्या आसपासचं काम निघेल असं धरून दरसाल साठ हजार बाजूला ठेवायचे. घरातला बोअरवेलचा पंप आज चालतोय म्हणून उद्याच्या दुरुस्तीचे पैसे आपण खर्च करून टाकतो का? जो तरतूद करत नाही त्याच्या घरी दुरुस्ती येते तेव्हा आई एफडी मोडते.

मग त्याने शेवटचं अस्त्र काढलं: या गाड्या दुर्मिळ आहेत, भाव टिकतो, उलट वाढतो. अर्धं खरं आहे. स्कोडाने २०२० साली ऑक्टाव्हियाच्या आरएस २४५ या मॉडेलच्या फक्त २०० गाड्या भारतात आणल्या, सुमारे ३६ लाखांना. अशी गाडी जपून ठेवली तर शौकीन तिला चांगला भाव देतात. पण जपून ठेवली तर! भाव टिकवायचा तर झाकून ठेवावी लागते, आणि ट्रॅकवर न्यायची तर भाव जातो. एकच पैठणी कपाटातही ठेवायची आणि नेसून शेतातही जायचं, असं होत नाही. शिवाय जी वस्तू दुर्मिळ, तिचे सुटे भागही दुर्मिळ. परदेशातून येईपर्यंत गाडी गॅरेजात उभी आणि हप्ता मात्र चालू.

मग शर्यत पापच म्हणायची का?

इथे मला आपल्या मंडळातल्या काही जणींशी भांडायचं आहे. एकीने मला बस्तीच्या पायरीवर विचारलं, "तुमचा मुलगा म्हणे शर्यती करतो? आपल्या धर्मात बसतं का हे?" तिचा स्वतःचा मुलगा पुणे-बेंगळुरू महामार्गावर एकशे चाळीसने गाडी हाणतो आणि कोल्हापूरहून पुण्याला किती वाजून किती मिनिटांत पोचला ते अभिमानाने सांगतो. ते धर्मात बसतं का? त्या रस्त्यावर सायकलवाला आहे, शाळेतून येणारी पोरं आहेत, ऊस भरलेला ट्रॅक्टर आहे, कुत्रं आहे, रात्री दिव्यांवर येणारे हजारो जीव आहेत. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी ती हिंसाच होती. ट्रॅकवर समोरून कुणी येत नाही, कडेला रुग्णवाहिका उभी असते, आणि चुकीची किंमत चुकणारा स्वतः मोजतो. ज्याला वेगाची खाज आहे त्याने ती बंद मैदानात भागवावी, यात मला धर्माच्या दृष्टीनेही समजूतदारपणाच दिसतो.

कुंभोजच्या बाहुबलीला आपण सगळ्या जातो. भरत आणि बाहुबली यांची सैन्यं समोरासमोर उभी होती. दोन भावांच्या मानापायी हजारो माणसं का मरावीत, म्हणून मंत्र्यांनी तोड काढली: दोघांनीच लढावं. दृष्टियुद्ध, जलयुद्ध, मल्लयुद्ध. म्हणजे स्पर्धा नाकारली नाही, तिला कुंपण घातलं. आणि पुढे काय झालं तेही लक्षात ठेवा. बाहुबली तिन्हींत जिंकला, आणि जिंकलेलं राज्य घरी नेलं नाही.

माझा सगळा मुद्दा तिथे आहे. माझा विरोध गाडी चालवण्याला नाही, ती घरी आणून बांधण्याला आहे.

आपल्या श्रावकाच्या व्रतांत परिग्रहाचं परिमाण सांगितलंय. बाह्य परिग्रहाच्या दहा प्रकारांत शेत, घर, धन, धान्य यांच्याबरोबर 'यान'ही येतं, वाहन. घेऊच नका असं गृहस्थाला सांगितलेलं नाही. मोजा, मर्यादा ठरवा आणि त्या मर्यादेत राहा, असं सांगितलंय. परिग्रहाचं मूळ वस्तूत नसून आसक्तीत आहे, तिला आपल्याकडे मूर्च्छा म्हणतात. वर्षातले ३६३ दिवस जी गाडी झाकून उभी असते आणि तरी रोज रात्री जिच्याबद्दल मोबाइलवर वाचलं जातं, जिच्यावर ओरखडा पडला तर नातीवर ओरडलं जातं, त्या गाडीची मूर्च्छा किती हे वेगळं मोजायला नको.

आणि अनर्थदंड. कारण नसताना केलेली हिंसा आणि नासाडी. त्याच्या पाच प्रकारांत प्रमादचर्या येते, म्हणजे निष्काळजीपणे, प्रयोजन नसताना पाणी सांडणं, माती उकरणं, अग्नी पेटवणं. नुसती चार चाकं चेन्नईला पोचवण्यासाठी दोन खेपांत चारशे चाळीस लिटर पेट्रोल जाळायचं, याला दुसरं काय म्हणणार? त्याच पाचांत हिंसादानही येतं: दुसऱ्याला हिंसेचं साधन पुरवणं. ते वाचताना मला माझी एफडी आठवली. महामार्गावर सुसाट जाणाऱ्या मुलाला जी आई गाडीचे पैसे देते, तिने स्वतःला यातून वगळू नये.

मग करायचं काय?

नुसतं 'नको' म्हणणारी आई मुलाला नको असते. मी आणखी दोन रकाने काढले.

दुसरा रकाना: चार लाखांची जुनी, हलकी, छोटी गाडी. टायर स्वस्त, ब्रेक स्वस्त, गल्लीतल्या गॅरेजात दुरुस्त होणारी. व्याज २८,०००, घसारा ४०,०००, विमा १२,०००, सर्व्हिस आणि दुरुस्ती २५,०००, ट्रॅकची झीज २४,०००, प्रवासाचं पेट्रोल २९,०००, ट्रॅकचं ६,०००, फी-मुक्काम तेच ५४,०००. एकूण २,१८,०००. पहिल्या रकान्याच्या साधारण एक तृतीयांश. मुलगाच म्हणाला की कमी ताकदीच्या गाडीत चालवणं जास्त शिकता येतं, कारण चूक इंजिनाच्या जोरावर झाकता येत नाही. मग सोळा लाख कशासाठी होते, ते मी विचारलं नाही.

घरातलीच छोटी गाडी नेली तर खर्च आणखी कमी. पण सोमवारी नातीला शाळेत नेणारी तीच गाडी. तिच्या ब्रेकचा खेळ मला नको, आणि कुणाही आजीला नको असावा.

तिसरा रकाना: गाडी घ्यायचीच नाही. ट्रॅकवर शिकवणारे लोक असतात. गाडी त्यांची, टायर त्यांचे, शेजारी शिकवणारा त्यांचा. आपण रेल्वेने जायचं. आम्हाला सांगितलेल्या भावाने फी, प्रवास, मुक्काम धरून एका खेपेला सुमारे पंचावन्न हजार. दोन खेपांचे १,१०,०००. त्यांच्या गाडीचं नुकसान झालं तर किती भरायचं हे आधी लेखी घ्यायचं, अनामत किती ते विचारायचं. एवढी काळजी घेतली की झालं. वर्षाला सव्वापाच लाखांचा फरक. आणि घरी परत येताना बरोबर फक्त बॅग. ना झाकण, ना पार्किंगचं भाडं, ना रात्रीची चिंता. रात्रिभोजन त्यागालाही बाधा नाही, ट्रॅक सूर्य असतानाच बंद होतो, हे मला चिरंजिवांनीच पटवून दिलं होतं. तेव्हा तो गाडीची वकिली करत होता.

त्याने मला विचारलेला प्रश्न

ही वही मी एकटीने त्याला दाखवली नाही. पुण्याला गेले, स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवली, आणि आधी सुनेला बोलावलं. "आई, आत्ता नको सांगू म्हटलं होतं ना," तो म्हणाला. मी म्हटलं, म्हणूनच आले.

सूनबाईने सगळे आकडे शांतपणे वाचले. बारा लाखांच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाली, "आई, यातले पाच माझ्या पगाराचे आहेत." आणि थोड्या वेळाने, "गाडी घेतली असती तरी मी भांडले नसते. मला विचारलं नाही, याचं वाईट वाटलं." मैत्रिणींनो, मला माझ्या त्या 'हो'ची लाज वाटली. सुनेच्या पाठीमागे तिच्या संसारातले पैसे हलवायला मी हातभार लावणार होते, आणि त्याला मी माया म्हणत होते.

मुलगा चिडला. "आनंदाचा कुणी मिनिटाला भागाकार करतं का?" आणि मग जो प्रश्न विचारला त्याला माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं. "तुझ्या लॉकरमधले तोडे आणि पाटल्या तू वर्षातून किती मिनिटं घालतेस?"

मी तोही हिशोब केला. प्रामाणिकपणे सांगायचं तर लॉकरचं भाडं, आणि वर्षातून दोन लग्नं, एक पूजा. मिनिटाचा भाव त्याच्या गाडीपेक्षा फार वेगळा येत नव्हता. सोन्याचा भाव चढला म्हणून मी वहीत वाचले. घसाऱ्याच्या जागी वाढ दिसली. पण त्याचा प्रश्न भावाचा नव्हताच. झाकून ठेवलेली गाडी ही जर मूर्च्छा असेल तर कुलपात ठेवलेले तोडे काय आहेत? आणि लग्नात तीन दिवसांसाठी लाखालाखांचे मंडप घालणाऱ्या आपण मुलांच्या १६० मिनिटांवर कुठल्या तोंडाने बोलतो? 'आपली हौस ती परंपरा आणि मुलांची हौस ती उधळपट्टी', हा हिशोब महावीरांचा नव्हे, आपल्या सोयीचा आहे. हे मी आमच्या बस्तीतही बोलणार आहे, कुणाला राग आला तर आला.

तेव्हा त्याला म्हटलं, तू प्रश्न बरोबर विचारलास. उत्तम आकिंचन्याच्या दिवशी, दशलक्षणात नवव्या दिवशी, मी माझ्या दागिन्यांचं परिमाण लिहीन. ठरवलेल्यापेक्षा जास्तीचं नातीच्या शिक्षणाच्या नावाने करीन. तू तुझ्या वाहनांचं लिही. दोघांची सही एकाच पानावर.

सध्या कुठे आलंय? ती सेडान दुसऱ्या कुणीतरी घेतली. यंदा तो रेल्वेने जाऊन ट्रॅकवरच्याच गाडीत शिकणार आहे, सूनबाईला विचारून, तिने 'जा' म्हटल्यावर. परिमाणाचं पान अजून कोरं आहे. फोनवर माझ्याशी थोडा तुटक बोलतो. चार लाख दिले असते तर गोड बोलला असता, हे मला माहीत आहे.

तुम्हाला एवढंच सांगते. मुलाने गाडीसाठी पैसे मागितले की लगेच 'पाप' म्हणू नका आणि लगेच 'घे' म्हणू नका. वही मागा. विकत घेण्याची किंमत पहिल्या ओळीत, आणि खाली निदान आठ ओळी: व्याज, घसारा, विमा, सर्व्हिस, मोठी दुरुस्ती, टायर-ब्रेक, पेट्रोल, फी-प्रवास. वर्षातून खरोखर किती मिनिटं चालवणार त्याने भागा. विम्याच्या कागदातला वापराच्या मर्यादेचा परिच्छेद त्याला मोठ्याने वाचायला लावा. आणि ती वही सुनेसमोर उघडा, तिच्यापासून लपवून एक रुपयाही देऊ नका.

हे करून घर राजी झालं, तर खुशाल जाऊ दे त्याला. पेढे नाही, पण शेंगदाण्याचे लाडू मी स्वतः बांधून देईन प्रवासाला.

जय जिनेंद्र.